स्टीफन हिस्लॉप : श्रद्धेचा जाब स्वतःलाच विचारणारा मिशनरी

नागपुरात हिस्लॉप कॉलेजचे नाव ठाऊक नसलेला माणूस विरळाच. १८८३ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाने मध्य प्रांतात उच्च शिक्षणाची वाट मोकळी केली आणि विदर्भातील अनेक पिढ्या तेथे शिकून बाहेर पडल्या. मात्र ज्यांचे नाव या संस्थेला दिले गेले, ते स्टीफन हिस्लॉप कोण होते, हे सांगू शकणारे आज थोडेच सापडतील. महाविद्यालय निघाले तेव्हा हिस्लॉप यांच्या मृत्यूला वीस वर्षे झाली होती. धर्मोपदेशक, शिक्षक, भूगर्भशास्त्रज्ञ, आदिवासींच्या भाषांचे अभ्यासक आणि राज्यकारभाराचे निर्भीड टीकाकार अशा अनेक नात्यांनी हा स्कॉटिश माणूस नागपूरच्या इतिहासाशी बांधला गेला आहे. या साऱ्या नात्यांच्या मुळाशी एकच धारणा होती. प्रत्येक माणूस आपल्या वाट्याला आलेल्या कामाबद्दल ईश्वरापुढे स्वतः उत्तर देणार आहे, ते उत्तर त्याच्या वतीने दुसरे कोणी देऊ शकत नाही, ही ती धारणा.

हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडमधील बेरिकशायर परगण्यातील डन्स या गावी झाला. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रज यांच्यात लढाई झाली आणि नागपूरचे स्वातंत्र्य जवळपास संपुष्टात आले, हा एक विलक्षण योगायोग म्हणावा लागेल. हिस्लॉप यांचे वडील गवंडीकाम करणारे होते. घरातील वातावरण धार्मिक, शिस्तीचे आणि कष्टाचे. गावच्या शाळेत शिकत असतानाच या मुलाला किडे, दगड, शिंपले गोळा करण्याचा नाद लागला. पुढे एडिंबरो आणि ग्लासगो येथे त्यांनी शिक्षण घेतले. अधूनमधून शिकवण्या करून ते खर्च भागवीत. धर्मशास्त्राचा अभ्यास त्यांनी एडिंबरोत थॉमस चामर्स या त्या काळच्या प्रख्यात धर्मगुरूंच्या हाताखाली केला.

याच काळात स्कॉटलंडमधील ख्रिस्ती समाजाला हादरवून टाकणारी घटना घडली. गावच्या चर्चमध्ये धर्मगुरू नेमण्याचा अधिकार तेथील जमीनदाराकडे असे. उपासकांना नको असलेला धर्मगुरूही त्यांच्यावर लादला जाई आणि सरकारी न्यायालये जमीनदाराची बाजू उचलून धरीत. सदसद्विवेकाचा प्रश्न जमीनदार किंवा न्यायालय कसा सोडवणार, हा वादाचा मुद्दा होता. १८ मे १८४३ रोजी एडिंबरो येथे या वादाचे पर्यवसान फुटीत झाले. साडेचारशेहून अधिक धर्मगुरूंनी सरकारमान्य चर्चचा त्याग केला. पगार गेला, राहती घरे गेली, चर्चच्या इमारती गेल्या. चामर्स यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी ‘फ्री चर्च’ म्हणजे स्वतंत्र मंडळी स्थापन केली. भारतात काम करणारे स्कॉटिश मिशनरीही याच मंडळीत सामील झाले. कोलकात्यात अलेक्झांडर डफ आणि मुंबईत जॉन विल्सन यांना उभ्या केलेल्या संस्थांच्या इमारती सोडून नव्याने सुरुवात करावी लागली.

हिस्लॉप तेव्हा पंचविशीचे विद्यार्थी होते. त्यांनी स्वतंत्र मंडळीची वाट धरली. श्रद्धेसाठी माणसे घरदार सोडतात, हे त्यांनी ग्रंथांत वाचले नव्हते, डोळ्यांनी पाहिले होते. बायबलमध्ये विश्वासू कारभाऱ्याचा दाखला येतो. धन्याने सोपविलेल्या ठेवीचा हिशेब एक दिवस द्यावा लागतो, असा त्याचा आशय. त्या पिढीतील स्कॉटिश ख्रिस्ती माणसाच्या मनावर या हिशेबाच्या कल्पनेची खोल छाप होती आणि हिस्लॉप यांचे पुढचे आयुष्य या दाखल्याच्या प्रकाशातच समजून घ्यावे लागते.

नागपुरात मिशन सुरू व्हावे, ही इच्छा कामठीच्या छावणीतील एका लष्करी अधिकाऱ्याची होती. मद्रास सैन्यातील विल्यम हिल यांनी आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ या कामासाठी मोठी देणगी देऊ केली. गोंड लोकांमध्ये काम व्हावे, असा त्यांचा हेतू होता. त्यापूर्वी अमरकंटकच्या परिसरात गोंडांमध्ये काम करण्यासाठी गेलेल्या जर्मन मिशनऱ्यांची तुकडी रोगराईने जवळजवळ संपली होती. हे ठाऊक असूनही हिस्लॉप यांनी नागपूरची जबाबदारी स्वीकारली. पत्नी इरॅस्मा यांच्यासह ते डिसेंबर १८४४ मध्ये मुंबईस उतरले. तेव्हा मुंबईहून नागपूरला येणारी रेल्वे नव्हती, ती पुढे १८६७ मध्ये आली. सह्याद्री, खानदेश आणि वऱ्हाड ओलांडून हे दांपत्य फेब्रुवारी १८४५ मध्ये नागपूर परिसरात पोहोचले.

त्या वेळी नागपूर ही भोसल्यांची राजधानी होती. गादीवर तिसरे रघुजी होते. राज्य नावापुरते त्यांचे असले तरी सीताबर्डीवर इंग्रज रेसिडेंट आणि कामठीला इंग्रजी फौज होती. हिस्लॉप यांनी प्रथम मराठीचा अभ्यास हाती घेतला. ज्यांच्याशी बोलायचे त्यांची भाषा आपल्याला आली पाहिजे, हे त्यांना काम सुरू करण्याआधीचे पहिले कर्तव्य वाटे. मे १८४६ मध्ये त्यांनी नागपूर शहरात शाळा उघडली. १८४७ मध्ये रॉबर्ट हंटर हे सहकारी येऊन दाखल झाले. शाळेत मराठी आणि इंग्रजीतून गणित, भूगोल, इतिहास आणि त्याबरोबर बायबल शिकविले जाई. पालकांना मुलांनी इंग्रजी शिकावे असे वाटे, मिशनरींना त्यांच्या कानावर ख्रिस्ताची शिकवण पडावी असे वाटे. दोन्ही बाजूंना एकमेकांचा हेतू ठाऊक होता.

या दुहेरी हेतूतून पेच निर्माण होणे अटळ होते आणि तो लवकरच झाला. शाळेतील एका ब्राह्मण विद्यार्थ्याने ख्रिस्ती होण्याची इच्छा व्यक्त केली. राजदरबाराने इंग्रजांशी झालेल्या तहाचा आधार घेऊन आपला प्रजानन आपल्या हवाली करावा, अशी मागणी केली. मुलाला दरबाराच्या कैदेत दिवस काढावे लागले. मुंबईपासून स्कॉटलंडपर्यंत या प्रकरणावर चर्चा झाली. कुटुंबाच्या दृष्टीने मिशनरींनी त्यांचा मुलगा तोडला होता. मिशनरींच्या दृष्टीने मुलाचा सदसद्विवेक त्याचा स्वतःचा होता. यात कोणाची बाजू बरोबर, याचा निवाडा आजही वाचक आपापल्या भूमिकेनुसार करील. हिस्लॉप यांच्यापुरते एवढे खरे की, आपल्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्याला त्याची केवढी किंमत मोजावी लागते, हे त्यांना नागपुरातील पहिल्या काही वर्षांतच कळून चुकले. त्यानंतरही बाप्तिस्मा घेणाऱ्यांची संख्या फारशी वाढली नाही. संख्येवरून मिशनरीचे यश मोजायचे असेल, तर हिस्लॉप यांचे यश तुटपुंजेच म्हणावे लागेल. तरीही त्यांनी नागपूर सोडले नाही.

गावोगाव फिरताना बालपणीचा नाद पुन्हा जागा झाला. धर्मोपदेशासाठी निघालेले हिस्लॉप वाटेतील खाणी, नाले आणि टेकड्या न्याहाळीत जात. १८५१ च्या सुमारास नागपूरजवळील टाकळी येथे त्यांना आणि हंटर यांना जीवाश्मांचा मोठा साठा सापडला. लाव्हारसाच्या दोन थरांमध्ये दबलेल्या गाळाच्या पातळ थरात गोड्या पाण्यातील शिंपले, बिया, फळे आणि लाकडाचे दगड बनलेले अवशेष होते. दख्खनचे पठार घडविणारे ज्वालामुखी अखंड धगधगत नव्हते, दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचत आणि त्यांच्या काठी झाडेझुडपे वाढत, हा त्या पुराव्याचा अर्थ. या थरांचे वय हिस्लॉप यांनी आजच्या मानाने कमी धरले होते. ते सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे डायनोसॉर पृथ्वीवरून नाहीसे होण्याच्या काळाच्या आसपासचे, असे आता मानले जाते. वयाचा अंदाज बदलला, तरी निरीक्षणांचे मोल कमी झाले नाही.

कामठीजवळच्या सिलेवाडा येथील वालुकाश्माच्या खाणींत त्यांना पानांचे ठसे मिळाले. वर्धा खोऱ्यातील मांगली येथून मिळालेली एका प्राचीन उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली आणि रिचर्ड ओवेन या विख्यात शास्त्रज्ञाने १८५५ मध्ये तिचे वर्णन करून तिला ‘ब्रॅकिओप्स’ असे नाव दिले. हिस्लॉप आणि हंटर यांचे नागपूर परिसराच्या भूरचनेवरील लेख लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. या परिसरातील कोळसा आणि वालुकाश्माच्या थरांचे चित्र त्यातून जगापुढे प्रथमच सुसंगतपणे आले. याच प्रकारच्या खडकांना पुढील पिढीतील शास्त्रज्ञांनी गोंडांच्या भूमीवरून ‘गोंडवन’ हे नाव दिले आणि दक्षिण गोलार्धातील प्राचीन महाखंडही त्याच नावाने ओळखला जाऊ लागला. ‘हिस्लॉपाइट’ हे एका खनिजाला आणि ‘हिस्लोपिया’ हे गोड्या पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांच्या प्रजातीला मिळालेले नाव त्यांच्याच कामाची आठवण आहे.

मिशनच्या कामातून वेळ काढून दगड गोळा करणे ही चैन आहे, असे हिस्लॉप यांना वाटत नव्हते. सृष्टी हे ईश्वराचे काम आहे, अशी ज्याची श्रद्धा, त्याने त्या कामाची नोंद ढिलाईने घेणे हा त्यांच्या लेखी अप्रामाणिकपणा ठरला असता. म्हणूनच त्यांच्या टिपणांत स्थळ, थर आणि नमुना यांचे तपशील काटेकोर आढळतात.

हीच शिस्त त्यांनी माणसांच्या अभ्यासाला लावली. ज्या गोंडांसाठी मिशनची देणगी आली होती, त्यांची भाषा, रीतिरिवाज, देवदेवता आणि गाणी यांविषयी त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे केली. इतर आदिवासी समाजांच्या शब्दांच्या याद्या तयार केल्या. गोंडांचे परंपरागत गायक असलेल्या प्रधान समाजातील एका जाणकाराकडून त्यांनी लिंगोची दीर्घकथा ऐकून लिहून घेतली. गोंड समाजाच्या उत्पत्तीची आणि त्याला रीतभात शिकविणाऱ्या लिंगोची ही कथा तोवर केवळ मौखिक परंपरेत होती. ज्या देवांना हिस्लॉप स्वतः मानत नव्हते, त्यांची कथा त्यांनी जपून लिहिली. त्यांना त्या श्रद्धा चुकीच्या वाटत, हे त्यांनी कधी लपविले नाही. मात्र चुकीच्या वाटल्या म्हणून त्या बदलून किंवा गाळून लिहिण्याची मुभा त्यांनी स्वतःला घेतली नाही. गोंडी साहित्याच्या अभ्यासकाला आजही या नोंदींपाशी यावे लागते.

डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि १८५४ मध्ये लॉर्ड डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. भोसल्यांचे जडजवाहीर आणि मालमत्ता लिलावात निघाली. जनमानसात संताप धुमसत राहिला. १३ जून १८५७ च्या रात्री नागपुरात उठाव करण्याचा बेत ठरला. टाकळीच्या तळावरील घोडदळ त्यात सामील होते. शहरातील परिचयामुळे हिस्लॉप यांना या बेताची चाहूल आधीच लागली आणि ती त्यांनी अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचविली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. बेत फसला. त्यातील प्रमुखांना फाशी देण्यात आली. आजच्या भारतीय वाचकाच्या दृष्टीने ते हुतात्मे आहेत आणि हिस्लॉप त्या रात्री परकीय सत्तेच्या बाजूला उभे होते. कत्तल टळावी, ही त्यांची भूमिका समजून घेता येते. परंतु ती भूमिका घेणारा माणूस राज्यकर्त्यांच्याच समाजातील होता, ही बाबही दृष्टीआड करता येत नाही.

उठाव मोडल्यानंतर बहुतेक युरोपियनांनी सरकारवर टीका करण्याचे टाळले असते. हिस्लॉप यांनी नेमके त्याच्या उलट केले. खालसा झालेल्या नागपूर प्रांताचा कारभार शिथिल आणि बेपर्वा झाला होता. वरिष्ठ सरकार दूर कोलकात्यात आणि रयतेची दाद घेणारे जवळ कोणी नाही, अशी स्थिती होती. गावोगाव फिरणाऱ्या हिस्लॉप यांना लोकांची गाऱ्हाणी अधिकाऱ्यांपेक्षा अधिक ठाऊक होती. त्यांनी वृत्तपत्रांतून या गैरकारभाराचे वाभाडे काढले. ज्या अधिकाऱ्यांच्या घरी जाणे-येणे, ज्यांच्या देणग्यांवर मिशन चालायचे, त्यांच्याच कारभाराविरुद्ध हे लेखन होते. गप्प राहणे सोयीचे होते आणि धर्मोपदेशकाने राजकारणात पडू नये, ही सबबही हाताशी होती. त्यांनी ती वापरली नाही. ज्याला अन्याय दिसला त्याच्यावर तो सांगण्याची जबाबदारी आली, असा त्यांचा हिशेब होता.

लॉर्ड कॅनिंगच्या सरकारने १८६१ मध्ये नागपूर आणि सागर-नर्मदा प्रदेश एकत्र करून मध्य प्रांताची स्थापना केली. या निर्णयामागे अनेक प्रशासकीय कारणे होती. हिस्लॉप यांनी मांडलेल्या वस्तुस्थितीचाही त्यात वाटा होता, असे त्यांच्या चरित्रकारांनी मानले आहे. नागपूर या नव्या प्रांताची राजधानी झाले आणि पुढे जवळजवळ शतकभर तो मान या शहराकडे राहिला.

१८६२ मध्ये रिचर्ड टेंपल यांनी मध्य प्रांताच्या कारभाराची सूत्रे हाती घेतली. नव्या प्रांतात शिक्षणाची घडी बसवायची होती आणि या प्रदेशाची माती, माणसे आणि भाषा यांची हिस्लॉप यांच्याइतकी माहिती असलेला माणूस नागपुरात दुसरा नव्हता. टेंपल त्यांचा सल्ला घेऊ लागले. इतकी वर्षे ज्या गोष्टींसाठी हिस्लॉप एकटे झटत होते, त्यांना आता सरकारी बळ मिळण्याची चिन्हे दिसू लागली होती.

सप्टेंबर १८६३ मध्ये टेंपल यांच्यासमवेत ते नागपूरच्या दक्षिणेस बोरी-टाकळघाट परिसरात गेले. तेथील शिळावर्तुळे, म्हणजे मोठमोठे धोंडे गोलाकार रचून केलेली प्राचीन दफनस्थाने, उकरून पाहायची होती. ४ सप्टेंबरचा दिवस त्यात गेला. संध्याकाळी टेंपल आणि इतर मंडळी मुक्कामाकडे परतली. हिस्लॉप मात्र मागे राहिले. जवळच्या गावातील शाळेची परीक्षा घ्यायची होती. एका खेड्यातील मूठभर मुलांची ती परीक्षा दुसऱ्या दिवशीही घेता आली असती. पाऊस होता, अंधार पडू लागला होता, सोबत कोणी नव्हते. तरीही ठरलेले काम पुरे केल्याखेरीज निघायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता होता.

परीक्षा आटोपून ते घोड्यावरून एकटे निघाले. दिवसा सहज ओलांडलेला नाला आता पावसाने फुगला होता. काही वेळाने मुक्कामावर घोडा तेवढा परत आला, त्यावर स्वार नव्हता. शोध घेता हिस्लॉप यांचा मृतदेह पाण्यात मिळाला. सेहेचाळीस वर्षे पूर्ण व्हायला अवघे चार दिवस उरले होते.

त्यांच्या मागे अप्रकाशित हस्तलिखितांचा ढीग राहिला. टेंपल यांनी ती कागदपत्रे गोळा करून १८६६ मध्ये नागपुरातून ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. लिंगोची कथा त्यातच छापली गेली. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर प्रकृती बिघडल्याने आधीच मायदेशी परतले होते. पुढे ते कोशकार म्हणून नावारूपास आले. टाकळघाटची शिळावर्तुळे शंभराहून अधिक वर्षे तशीच राहिली. १९६८-६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट आणि खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले आणि ती लोहयुगीन संस्कृतीची असल्याचे स्पष्ट झाले. हिस्लॉप यांनी अखेरच्या दिवशी ज्या प्रश्नाला हात घातला होता, त्याचे उत्तर असे नागपूरच्याच विद्यापीठाकडून मिळाले.

हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर त्यांची शाळा बंद पडली नाही. तिचाच विस्तार होऊन वीस वर्षांनी महाविद्यालय उभे राहिले. तेथून शिकून बाहेर पडलेल्यांत ख्रिस्ती होणारे जवळजवळ कोणी नव्हते. सर्व जातिधर्मांचे तरुण तेथून वकील, शिक्षक, लेखक, कार्यकर्ते होऊन बाहेर पडले आणि त्यांतील कित्येक इंग्रजी सत्तेविरुद्धच्या चळवळीतही उतरले. मिशनरींना अपेक्षित नसलेले हे फळ होते.

ख्रिस्ती श्रद्धा म्हटली की आपल्याकडे पहिला विचार धर्मांतराचा येतो. हिस्लॉप यांनाही धर्मांतर हवे होते, यात शंका नाही. परंतु त्यांच्या अठरा वर्षांच्या नागपूरवासातील टिकून राहिलेले काम पाहिले, तर त्यात शाळा आहे, खडकांच्या नोंदी आहेत, परधर्मीयांच्या देवांची कथा आहे आणि आपल्याच लोकांच्या राज्यकारभारावरील टीका आहे. यांतील कोणतेही काम त्यांच्यावर वरिष्ठांनी सोपविलेले नव्हते. जे समोर आले आणि जे आपल्याला करता येण्यासारखे होते, त्याची जबाबदारी त्यांनी आपली मानली. मूठभर मुलांची परीक्षा घेण्यासाठी पावसाळी संध्याकाळी एका खेड्यात थांबणे हे त्यांतले शेवटचे काम. त्या परीक्षेत कोण उत्तीर्ण झाले, याची नोंद इतिहासात नाही. पण परीक्षकाने स्वतःच्या श्रद्धेचा हिशेब मात्र त्या दिवशीही चोख ठेवला होता.